चार नंबरची गाडी

किशोरदादांवर मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वाक्य चुकेल याचीही भीती वाटते. माफ करा... पण शोकसभेत कुणीतरी "माणूस चांगला, फक्त हट्टी" म्हणालं, आणि तेव्हापासून मला गप्प बसवत नाही.

चामटोलीहून मी अंबरनाथच्या ऑफिसात जाते; प्रोग्रॅमिंगचं काम मी तिथे दादांच्याच हाताखाली शिकले. आमचं काम ॲम्ब्युलन्सचं. गाडी कुठे पोचली ते पेशंटच्या घरी आणि हॉस्पिटलात त्याच क्षणी फोनवर दिसतं. जुन्या सिस्टीममध्ये एक गाडी अडकली की सगळंच बंद करून चालू करावं लागे; तेवढा वेळ बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंतच्या सगळ्या गाड्या स्क्रीनवरून गायब. ती नव्याने लिहायची ठरली तेव्हा दादांनी फारसं कुणी वापरत नाही असं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रॅम ज्यावर उभा करायचा तो तयार सांगाडा, निवडलं. त्यात प्रत्येक गाडीचा कारभार वेगळा. एक अडकली तर बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

"इसका आदमी किधर मिलेगा?" आमचे मालक, शेठ, म्हणाले. "सगळे वापरतात ते घे ना. उद्या तू नसलास तर?"

"ही आहे ना," दादा माझ्याकडे बघून म्हणाले. "मला फोन न करता दुरुस्त करेल."

मग ते फुलस्केप वहीत मराठीत लिहायला लागले, काय केलं आणि का केलं. "सरकारी दफ्तर है क्या?" शेठ हसायचे. मी काही विचारलं की दादा म्हणत, "आधी वहीत बघ."

नवी सिस्टीम सुरू झाली आणि दादा आजारी पडले. ते हॉस्पिटलात असताना एका दुपारी चार नंबरची गाडी बेलवलीत अडकली. गाडी धावत होती, स्क्रीनवरचा ठिपका मात्र हलेना. "सब बंद करके चालू कर," शेठ म्हणाले. मी नाही म्हटलं. वही उघडली. वहीत लिहिलं होतं: 'अडकली तेवढीच गाडी बंद करून चालू करावी. बाकीच्यांना हात लावू नये. घाबरू नये.' तेवढंच केलं, आणि ठिपका हलला. दादांना मी फोन केला नाही, तसं ठरलंच होतं... चार दिवसांनी ते गेले. त्यांना कळलंच नाही, हे मला खात राहिलं.

आता ऑफिसात पुन्हा 'सगळे वापरतात ते' घ्यायची चर्चा आहे. वही माझ्या टेबलावर उघडी असते. आधी ती वाचा, मग माझ्याशी बोला.

गेल्या आठवड्यात दादांच्या घरी जाऊन वहिनींना भेटले. त्या म्हणाल्या, "त्या दुपारी फोनवरच्या गाड्यांच्या ठिपक्यांकडे टक लावून बसले होते. ऑफिसला फोन लावून देऊ का विचारलं, तर नको म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, 'चार नंबर हलली.' आणि किती दिवसांनी आपणहून भाताची पेज मागितली."