दादानं वहिनीला दिलेलं रक्त

दादा गेला ही बातमी मला आर्वीच्या मोटारीच्या कंडक्टरनं दिली. शाळेच्या फाटकाशी मोटार थांबवून तो उतरला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, “बाई, घरी बलावलं हाय तुमाले.” टोपी काढल्यावर पुढचं सांगायची गरजच नव्हती. परतीच्या फेरीला त्यानं मला पुढच्या बाकावर बसवलं आणि वाटेत कुणालाही माझ्याशी बोलू दिलं नाही. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत.

आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे येऊन गेले, रडायचं ते रडून झालं. मी थकले आहे, हे सरळच सांगते. लिहायला बसलं की दादाचा चेहरा डोळ्यांपुढे येण्याआधी त्याचा खोकला ऐकू येतो, आणि मग लेखणी खाली ठेवावीशी वाटते...

दादा म्हणजे महादेव, माझा थोरला आणि एकुलता एक भाऊ. वडील लवकर गेले तेव्हाच तो आर्वीच्या एका जिनात कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यावर कामाला लागला आणि मला वर्ध्याला शिकायला धाडलं. “घरात एक जण तरी सावलीत बसून कमावणारं पायजे,” म्हणायचा. मी शाळेत आरोग्यशास्त्र शिकवायला लागले तेव्हा त्यालाच फार मौज वाटली. सुट्टीत घरी गेले की विचारायचा, “काऊन बाई, माह्या पोटात काय चालू हाय थे तुले इथूनच दिसते का?”

त्याचं लग्न झालं ते कौसल्यावहिनीशी. वहिनी हसरी, पण सदाची दमलेली. विहिरीवरून येताना दोनदा टेकायची. माय तिला आळशी म्हणायची. पहिलटकरीण असताना तर तिच्या पायांवर सूज आली, ओठ पांढरेफटक पडले, आणि अंगण झाडतानाही तिला धाप लागायला लागली. पोटुशी बाई दमतेच, असं म्हणून घरच्यांनी ते अंगावर काढलं. शेवटी दादानंच बैलबंडी जुंपली, तिला आर्वीला नेलं आणि तिथून मोटारीनं माझ्याकडे वर्ध्याला आणलं. माय बरोबर होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वहिनीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि आम्हाला बाजूला घेतलं. म्हणाले, “श्वास ती पुरता घेते आहे. पण आत आलेला प्राणवायू अंगभर न्यायचा तो रक्तातल्या लोहानं, आणि तेच हिच्याकडे उरलेलं नाही. जिनात गाठींचा ढीग लागलाय आणि न्यायला बंड्याच नाहीत, तसं झालंय हे. बाळंतपणाआधी रक्त द्यावं लागेल.”

दादानं तिथल्या तिथं बाही वर केली. तेवढ्यात माय मधे पडली.

“नवऱ्याचं रगत बायकोच्या अंगात? मंग दोघं बी एका रगताचे झाले. भाऊ-बहीण झाले का नाई? संसार कसा करतीन मंग?”

आज हे वाचून कुणी हसेल. दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणी हसलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सासूनंसुद्धा मान डोलावली. रक्ताचं नातं रक्तानंच जुळतं, हे आमच्याकडे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. मग वहिनीच्या भावाला बोलवायचं ठरलं, कारण तो तर भाऊच, त्याला अडचण नाही. तळेगावकडून तो येईपर्यंत दोन दिवस गेले, आणि आला तेव्हा त्याचं रक्त जुळलं नाही. वहिनी तोवर बोलायचीही थांबली होती. दादा मायसमोर जाऊन उभा राहिला.

“माय, हे मेली त मले बायको बी नाई उरत आन् बहीण बी नाई,” एवढं बोलून तो आत गेला. त्याचं रक्त जुळलं. माय भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

वहिनी वाचली. मुलगी झाली, तीही धडधाकट. त्या दिवाळीत भाऊबीजेला मी दादाला ओवाळलं, तर तो पाटावरून उठेचना. वहिनीला हाक मारून म्हणाला, “ये, तू बी ओवाळ. तू बी बहीणच हायेस, मायले विचार.” वहिनीनं तबकातल्या अक्षता मूठ भरून त्याच्या तोंडावर फेकल्या. माय तोंडाला पदर लावून हसली. आमच्या घरातलं एवढं मोठं हसू मला तरी तेच शेवटचं आठवतं.

पुढे जिनातला कापूस त्याच्या छातीत बसला. रविवारी बरा असायचा आणि सोमवारी कामावर गेला की छाती आवळून यायची. नाकाला दुपट्टा बांध म्हटलं तर म्हणायचा, “जाऊ दे अंदर कापूस, आतून गादी होईन.” मागच्या हिवाळ्यात त्याला पायरी चढवेना. वर्ध्याच्या त्याच दवाखान्यात त्याला प्राणवायूची नळी लावली. रक्त चांगलं होतं, लोह होतं, सगळ्या बंड्या जुंपून उभ्या होत्या, पण या वेळी हवाच आत जाईना. काही दिवसांनी डॉक्टर “घरी न्या” म्हणाले. त्याचा अर्थ मला कळला होता, त्यालाही कळला होता...

तो गेल्यावर माय बोलायला लागली. येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच सांगायची. “आपलं रगत बायकोले देऊन बसला, तवापासून खंगला. त्याच्यात काय उरन मंग?” वहिनी समोर बसून ऐकायची. ना रडायची, ना उत्तर द्यायची. ताटावर बसून दोन घास चिवडायची आणि उठायची. तिचे ओठ पुन्हा पांढरे दिसायला लागले होते. ते मला बघवेना.

मागच्या रविवारी मी मायला समोर बसवलं. म्हटलं, “माय, मी डॉक्टरले इचारून आली. देल्लेलं रगत दोन महिन्यात अंगात पुन्हा भरते. दादाचं भरलं होतं. आन् वहिनीच्या अंगात जे गेलं, थे चार महिन्याच्या वर जगत नाई. कवाचंच संपलं. तिनं त्याचं काही ठेवून घेतलं नाई.”

“मंग कापसानंच नेला म्हण,” माय म्हणाली, आणि तिथंच आडवी झाली. राग धरायला तिला आता कुणी उरलं नव्हतं. मला वाटलं, चला, वहिनीवरचं बालंट तरी टळलं.

संध्याकाळी वहिनी चुलीपुढे होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाई, खरंच संपलं का थे?”

“काय?”

“त्याईचं रगत.” तव्यावरची भाकर तिनं उलटली. “माय बोले, मी आयकून घेओ. मले वाटे, बोलणं खरं असन त रगत बी खरं असन. त्याईचं थोडंसं तरी माह्यापाशी हाय. आता तूच म्हणतेस, नाई म्हणून.”

मी तिची सुटका करायला निघाले होते आणि तिच्याजवळ उरलेलं तेवढंही काढून घेतलं होतं. मग मुलींना शिकवते तेच, पण जीव गोळा करून सांगितलं. “वहिनी, रगतातली पेशी मरते. पण तिच्यातलं लोह अंग फेकून देत नाई. काढून ठेवते, आन् जेवणातून नवीन रगत बनवताना तेच घालते. पुन्हा पुन्हा तेच.”

“समदंच राह्यते?”

“समदं नाई. थोडं थोडं जात राह्यते. पण दादाचं काही ना काही असनच तुह्या अंगात.”

ती जाळाकडे बघत राहिली. तव्यावरची भाकर एका बाजूनं करपली, ती तिनं उतरवली.

“मंग मले जेवा लागन,” ती म्हणाली. तीच करपलेली भाकर तिनं स्वतःच्या ताटात घेतली, वर अंबाडीची भाजी वाढून घेतली, आणि कुणाची वाट न बघता सगळ्यांच्या आधी जेवायला बसली.