चिक्कूताईंचं वीस किलो

नियंत्रण कक्षात त्यांना सगळे चिक्कूताई म्हणत. काम एकच: वर फिरणाऱ्या टेहळणी उपग्रहाच्या टाकीत किती इंधन उरलंय ते सांगणं. तिथे काटा नसतो. इंजिन दर वेळी किती सेकंद पेटलं त्यावरून अंदाज बांधायचा. ताई थोडं कमीच सांगत. उपग्रह म्हातारा झाला की खाली आणून हवेत जाळायला वीस किलो लागतं, आणि ते कुणी मागे ठेवू देणार नाही, हे त्या ओळखून होत्या. नवरा चिडवायचा, "घरात साखर सांडतेस आणि ऑफिसात थेंब लपवतेस!"

एकदा साहेबांनी दुसऱ्याकडून तपासून घेतलं. बारा किलो जास्त निघालं.

"ताई, आमच्यापासूनच लपवता?"

"लपवलं नाही साहेब, राखलं."

"कुणासाठी? सीमेवरची पोरं आंधळी ठेवू? नवा उपग्रह यायला दोन वर्षं आहेत."

साहेबांचं म्हणणंही खोटं नव्हतं. पण नवा वेळेत का झाला नाही, हे विचारायची त्या खोलीत एकाची छाती झाली नाही!

ते बारा किलो वापरलं गेलं. दीड वर्षाने ताई उठून म्हणाल्या, "आता खरंच वीस उरलंय. आजच खाली आणू या."

"तुमचं वीस म्हणजे आमचं चाळीस," साहेब म्हणाले. सगळे हसले.

"माझ्या पोरांची शपथ घेऊ का?"

"त्या बारा किलोच्या वेळी कुणाची घेतली होती?"

पुन्हा तपासणी झाली. आकडा आला वीस ते चाळीस. साहेबांनी चाळीस उचलला.

पाच महिन्यांत इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. आता ते धूड आठशे किलोमीटरवर मोकाट फिरतंय. दीडशे वर्षं तरी फिरेल. कुणाला धडकलं तर त्याचे हजार तुकडे फिरतील.

नवा उपग्रह आला, त्याच उंचीवर. दर पंधरवड्याला ते मढं त्याच्या वाटेत येतं आणि ताई नव्याला बाजूला सारतात. प्रत्येक वेळी इंधन जळतं. साहेब विचारतात, "किती उरलं?" ताई आता अगदी खरा आकडा सांगतात. साहेब त्यात आपल्या मनाने दहा किलो मिळवतात आणि सही ठोकतात.