डुकरायचा लाइट

मी कंदील बनवते असं सांगितलं की लोक आधी हसतात. दिवाळीचा आकाशकंदील नव्हे, तंबूत टांगायचा, चार्जिंगचा. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत मी त्यांचे आराखडे करते. माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला कंदील म्हणजे ज्याच्या बुडाशी लाल बटण होतं, तो. डोंगरात कुणाचा पाय मोडला, कुणी वाट चुकलं, तर ते बटण दाबून धरायचं. कंदील जोरात उघडझाप करू लागतो, लांबून कुणीतरी पाहतं आणि मदतीला येतं. त्या उघडझापीसाठी मी ऑफिसात सगळ्यांशी भांडले होते. साहेबांना ती थोडाच वेळ चालली तरी पुरे होती. मी हट्टानं मोठी बॅटरी बसवून घेतली. एकदा सुरू झाली की सकाळपर्यंत थांबणार नाही, असं मी छाती ठोकून सांगायची.

पहिल्या खेपेतला एक कंदील मी मामाला नेऊन दिला. मामाचं गाव कारंजा तालुक्यात, धनजच्या अलीकडे. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, वावर साफ करून टाकतात, म्हणून मामा जागलीला जायचा, रात्रभर मचाणावर बसून राखण करायचा. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. कंदील हातात घेऊन तो वाकला आणि वर म्हणाला, "आता डुकरं मले पाहूनच भेतीन वं बाई." मी त्याला लाल बटण दाखवलं. वावरात फोन लागत नाही, काही झालं तर हे दाब, उगीच खेळत बसू नको, असं बजावलं. "मले काय होते?" तो म्हणाला. पण माझ्या समाधानासाठी एकदा दाबून पाहिलं.

त्याच हिवाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. तो मचाणावरून खाली उतरला असावा, कारण सापडला तो मचाणाच्या खांबाला पाठ टेकून बसलेला. त्यानं बटण दाबलं होतं. मी शिकवलं तसं, नीट दाबून धरलं होतं. शेजारच्या वावरातला माणूस सकाळी तिकडे गेला तेव्हा मामाच्या मांडीवर कंदील उघडझाप करतच होता. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ जीव होता. वेळेत आणलं असतं तर वाचला असता.

कंदील गावाला दिसला नव्हता, असं नाही. गावातल्या ज्यानं ज्यानं नाल्यापलीकडे, मामाच्या वावराकडे पाहिलं त्या प्रत्येकाला तो दिसला होता. पण आमच्याकडे अलीकडे दर दोन-चार वावरांआड बांबूला उघडझाप करणारा दिवा बांधलेला असतो. वाशीमच्या बाजारात स्वस्तात मिळतो. लुकलुक पाहून जनावरं बिचकतात, म्हणून त्याला सगळे डुकरायचा लाइट म्हणतात. रानात लुकलुकतंय म्हणजे राखण चालू आहे, सगळं ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

"म्या पायला ना," तेराव्यानंतर मामी मला म्हणाली. "भांडे घासता घासता पायला. म्हटलं, बरं झालं, यायनं डुकरायचा लाइट लावला. आता जरासे झोपतीन तरी." आणि तीही निश्चिंत झोपली होती.

मला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडले असते, आणि भांडण मला जमतं. त्याऐवजी सगळे म्हणाले, पोरीनं मायेनं दिला होता. पुण्यात परतल्यावर घरातल्या वायफायच्या डब्यावरची हिरवी टिकली मला बघवेना, तिच्यावर मी चिकटपट्टी लावली. चौकातला पिवळा दिवा लुकलुकायला लागला की मी मान फिरवायची. गावी जाताना तर विचारू नका. संध्याकाळच्या एसटीतून दोन्ही बाजूंना वावरं दिसत आणि त्यांत जागोजाग ते लुकलुकणारे दिवे. प्रत्येकाखाली कुणीतरी खांबाला पाठ टेकून बसलंय, असं वाटायचं. एकदा मी मध्येच उतरले आणि ढेकळं तुडवत एका दिव्यापर्यंत गेले. खाली कुणी नव्हतं. तेव्हा मला चक्क वाईट वाटलं. कुणी असतं तर निदान त्याच्यापर्यंत तरी मी पोचले असते.

पुढच्या हिवाळ्यात मामी स्वतः जागलीला जाते म्हणाली. दोघी मुली सासरी, वावर दुसऱ्याला द्यायची तिची तयारी नाही. मी नको म्हणून पाहिलं. "काहून? मले काय डुकरं खातीन?" ती म्हणाली. मग म्हणाली, "मले असा कंदील दे बाई, का दाबला तं लोक पयत आले पाह्यजे. याले पाहून कोणी येत नाई."

मी कामाला लागले. आधी उघडझापीची चाल बदलली, तीन लांब, तीन आखूड. मग रंग लाल केला. मामीला मचाणावर बसवून मी गावात गच्चीवर उभी राहिले. शेजारच्या गच्चीवरून एक काका कौतुकानं म्हणाले, "भाचीनं डुकरायसाठी नवीन मॉडेल आणलं वाटते!" मी त्यांच्यावर खेकसले. ते बिचारे खाली निघून गेले. तेव्हा मला कळलं, की या गावात आता कसलाही दिवा हाक मारू शकत नाही.

म्हणून मी उजेडाचा नाद सोडला. कंदिलात रेडिओवरून इशारा पाठवणारा एक छोटा भाग बसवला आणि गावात माणसं बसतात त्या पारावर भोंगा लावला. रानात बटण दाबलं की पारावर भोंगा कोकलणार. भोंगा वाजला की मामीच्या वावराकडे धावायचं, हे सगळ्यांना सांगून ठेवलं. चाचणीसाठी तो कधी वाजवणार ते मात्र मामीनं सांगू दिलं नाही. "सांगून आले तं काय आले," ती म्हणाली.

एका दिवेलागणीला आम्ही दोघी वावरात उभ्या होतो. मामीनं बटण दाबून धरलं. नाल्यापलीकडे भोंगा ओरडला, आणि लगेच माणसांचा गलका ऐकू आला. मामी गावाकडे टक लावून उभी होती. आधी दोन टॉर्च नाल्यात उतरले, त्यांच्यामागे बरेच. एका मोटारसायकलवर तिघं, एक जण अनवाणी, एकाच्या तोंडात अजून तंबाखू-सुपारीचा खर्रा. कुणीतरी खाटही उचलून आणली होती. मामीला धडधाकट पाहून ते आधी चिडले, मग हसायला लागले. मीही हसले. वर्षभरात पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. कंदील चालला होता, मामीसाठी माणसं आली होती.

मामी हसली नाही. ती आलेल्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"एवढ्याच वेळात येता येते?" तिनं विचारलं.

"मंग काय काकू," खाट आणणारा धापा टाकत म्हणाला, "जवळच तं आहे वावर."