तंबाखूचा खण

महाराष्ट्र राज्य नवे होते त्या काळात मी वडनेरला मास्तर होतो. थोरल्या भावाला लकवा झाला आणि त्यानंतर काही महिन्यांतच शेगावच्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला. पाऱ्याकडे दोनदा पाहून ते म्हणाले, "रक्तदाब आहे. डोके दुखो वा न दुखो, दोन्ही जेवणांनंतर गोळी घ्यायची. आणि तंबाखू बंद."

तंबाखू मी सोडला. गोळी मात्र, डोके हलके वाटले की राहून जाई. पत्नी विचारी, "घेतली का?" मी "हो" म्हणे. ते "हो" पुष्कळदा खोटे असे आणि तिला ते कळे; म्हणून ती पुन्हा विचारी. माझ्या भावाला घास भरवणारी भावजय तिने पाहिली होती.

एका दुपारी तिने माझी पानसुपारीची कापडी चंची ताटाशेजारी आपटली. "तंबाखूची याद करून द्या लागली का तुमाले कधी? मंग गोयीचीच काऊन राह्यत नाही?"

त्या टोमण्यातच वाट होती. जेवून हात धुतला की माझी बोटे आपसूक चंचीची दोरी सोडत, तंबाखूचा रिकामा खण चाचपत आणि ओशाळून सुपारीकडे वळत. मी गोळ्यांची पुडी त्याच खणात ठेवली. व्यसनाने इतकी वर्षे हाताला लावलेली शिस्त वाया का घालवावी?

पुढे एकदा पारावर एका सोबत्याने जुन्या हक्काने चंची ओढली. हाती पुडी आली.

"हे काय बा, मास्तर?"

"रक्तदाबाची गोळी."

"चुना लावून खाता काय? अन् थुकता कुठी?"

सारे हसले. आजार लपवण्यात मी बरेच दिवस घालवले होते. त्या दिवशी मीही हसलो. "थुंकत नाही, गिळतो," मी म्हणालो. "दोन्ही वेळा." माझा आवाज सहसा चढत नाही, तो तेव्हा चढला. मला अभिमान वाटला होता आणि तो खरा होता, म्हणून आवरला नाही.

पत्नीने विचारणे केव्हा थांबवले, हे मला नेमके आठवत नाही. जेवण आटोपले की ती भाकरीची टोपली झाकते, चंचीची दोरी सुटताना पाहते, पाण्याचा गडवा माझ्याकडे सरकवते आणि उठून आपल्या कामाला लागते.