अंडं बोलायचं थांबतं तेव्हा

कुसुमताईंनी ताराचंदजींना पहिल्यांदा नीट पाहिलं ते प्रताप नगरातल्या त्यांच्या इमारतीखाली, चादरींच्या हातगाडीपाशी. समोरच्या फ्लॅटमध्ये नवं बिऱ्हाड आलं आहे आणि त्यातल्या म्हाताऱ्यांची नजर काचबिंदूने गेली आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. म्हातारे चादरीची कड चिमटीत धरून अंगठा फिरवत होते.

"कॉटन म्हणून राहिला का गा हिले? अर्ध्याच्या वर पॉलिस्टर आहे."

"काका, तुमाले दिसत तं नाही!" गाडीवाला खवळला.

"म्हणूनच फसलो नाही."

त्यांची चाळीस वर्षं गांधीबागेत, ठोक कापडाच्या दुकानात ठाण उलगडण्यात गेली होती. कापडाचा पोत हा शब्द कुसुमताईंनी शाळेत कितीदा फळ्यावर लिहिला असेल. तो असा चिमटीत धरलेला मात्र त्यांनी त्या दिवशीच पाहिला.

दोन वर्षांनी ताराचंदजींच्या पत्नी, सिंधूताई, गेल्या. मुलगा अश्विन हैदराबादला नोकरीला. त्याने दोन वेळचा डबा लावून दिला. पण महिनाभरातच चहा ठेवताना ताराचंदजींच्या बाहीला आच लागली. शर्ट अश्विननेच आणलेला, गुळगुळीत. तो वितळून मनगटाला चिकटला. पट्टी बांधून घेतानाही त्यांचं एकच चालू होतं, "सुती असता तं झटकून मोकळा झालो असतो. चूक डोयाची नाही, कापडाची आहे."

अश्विनला ते पटलं नाही. त्याने सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कुसुमताईंच्या हातात दिला. "मावशी, बाबा कितीही म्हणाले तरी देऊ नका." त्यानंतर तो दर महिन्याला, दुसऱ्या शनिवारी, न चुकता येऊ लागला.

डबा दुपारी यायचा आणि संध्याकाळी यायचा. सकाळी काही नव्हतं. सकाळी सिंधूताई हाफ फ्राय करायच्या; ताराचंदजींना तेच हवं होतं, आणि आपल्या हातचं हवं होतं. ते रोज आठ वाजता दार वाजवायचे.

"बाई, देता का?"

"नाही हो, मी शब्द दिलाय."

"बरं."

वाद नाही, विनवणी नाही. भिंतीला हात लावत परत जायचे. त्या 'बरं'नेच कुसुमताईंना घोर लावला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी कपाटातून पुडकं काढलं आणि अट घातली: मी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहीन. त्यांच्या स्वतःच्या घरात आजवर अंडं आलं नव्हतं. पदर नाकाला लावून त्या उभ्या राहिल्या.

ताराचंदजी बिनबाह्यांची सुती बंडी घालून आले. तवा घेतला नाही, फोडणीची लहान कढई घेतली. "तव्यावर ते पयून जाते. कढईत आपोआप मधोमध येते." बंद शेगडीवर कढई ठेवून तिचा कान बोटांनी डावीकडे आणला. अंडं वाटीत फोडून, ओल्या बोटाने कवचाचा तुकडा राहिला का ते चाचपलं. थंड कढईत चमचाभर तेल, त्यात दोन दाणे जिरं, आणि मग गॅस. जिरं तडतडलं तशी वाटी कढईच्या कडेला टेकवून त्यांनी अंडं आत सोडलं.

मोठा आवाज झाला. कुसुमताई मागे सरकल्या.

"झालं, झालं! पांढरं झालं. बंद करा!"

"थांबा नं बाई. बोलून राहिलं अजून."

"कोण?"

"अंडं. कच्चं असलं की लय बोलते. मंग हळूहळू चूप होते."

खरंच, आवाज उतरत गेला, कढत तेलाची नुसती कुजबुज उरली. ताराचंदजींनी चमच्याची पाठ पिवळ्यावर अलगद टेकवली, गांधीबागेत ठाणावर हात ठेवत असतील तशी. "पोत आला," म्हणाले आणि गॅस बंद केला. कढई सांडशीने ताटलीवर वाकवली. पिवळं अखंड होतं.

कुसुमताई रोज येऊ लागल्या. पंधरा दिवसांनी तर त्या पाठमोऱ्या उभ्या राहून नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "आता." कधी बरोबर यायचं. चुकलं की ताराचंदजी म्हणायचे, "मास्तरीणबाई नापास."

मग दुसरा शनिवार आला. सिलिंडरवर रेग्युलेटर पाहून अश्विन उंबऱ्यातच थांबला.

"मावशी, तुम्हीसुद्धा?"

"बस गा," ताराचंदजी आतून म्हणाले. "आधी खा, मंग बोंबल."

कढई, जिरं, अंडं. अश्विन हात पुढे करून बापाच्या मागे उभा होता, पण त्या हाताला काहीच काम पडलं नाही. ताटली पुढे आली. तो खाली बसला, पावाने पिवळं पुसून घेतलं.

"मीठ जास्त झालं, बाबा."

"तुह्या मायले सांग. तिचंच माप आहे."

दोघं हसले. अश्विनने आणखी एक मागितलं.

संध्याकाळी निघताना तो दोन्ही दारांच्या मधे, बॅग खांद्याला लावून, कुसुमताईंना म्हणाला, "डोक्यावरचं ओझं उतरलं, मावशी. बाबांना जमतंय सगळं. आता दर महिन्याची धावपळ नको."

आत ताराचंदजी कढई पुसत होते. फडक्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"हो गा," ते म्हणाले. "काहून येतं उगाच? रस्ता काय कमी आहे?"

त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं. रेग्युलेटर आपल्या कपाटात असता तर पुढच्या दुसऱ्या शनिवारीही अश्विन आला असता, हे कुसुमताईंना तो जिना उतरल्यावर सुचलं. दुसऱ्या दिवशी ताराचंदजी म्हणाले, "बाई, आता तुमी उभं राहाची गरज नाही."

त्याला सात महिने झाले. अश्विन रविवारी फोन करतो. ताराचंदजी रोज सकाळी साडेआठला एक अंडं करतात, आणि कढई निवली की तिच्यातूनच खातात; ताटली काढत नाहीत.