अनसूयाकाकूंची गोळी

अनसूयाकाकू एकदम कधी उठत नसत. आधी पाय जवळ घेत, मग हात भिंतीला लावत, मग अर्ध्यातच थांबत. कुणी हात द्यायला पुढं झालं तर म्हणत, "थांबा, डोकं मागं राहिलंय. येऊ द्या त्याला." पाहुणे हसत. मला हसू येत नसे.

हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा वडिलांची बदली धाराशिवला झाली. मी हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. घरात मराठी बोलत असे, पण बाहेर तोंड उघडलं की बायका एकमेकींकडं बघत, म्हणून गप्पच राही. शेजारच्या खोल्यांत महसूल खात्यातले एक कारकून राहत. काकू त्यांच्या पत्नी. त्याही गप्प. आमचं जमलं ते त्यामुळंच.

काकूंचं माहेर ईट गावचं, शेतकऱ्याचं. त्यांच्यावर काही संकट कोसळलं नव्हतं. नवरा भला होता, घरात खायला होतं. एक दिवस त्या भिंतीकडं तोंड करून निजल्या आणि जवळजवळ दोन वर्षं तशाच राहिल्या. वैद्य झाले, नवस झाले, लांबच्या इस्पितळात नेऊन विजेचे झटके देऊन झाले. थोडे दिवस बरं वाटे आणि पुन्हा भिंत. "त्या भिंतीत एक बाई हाय," एकदा त्या मला म्हणाल्या. "बोलत न्हाय, बोलवत न्हाय. नुसती सरकून जागा देती." कालवणात मीठ कमी पडलंय असं सांगावं, तशा सुरात त्यांनी हे सांगितलं. त्यांची आणि आमची भिंत एकच होती. त्या दिवसानंतर मला तिला पाठ टेकून बसता येईना.

शेवटी सोलापूरच्या एका डॉक्टरांनी नव्यानं आलेल्या गोळ्या दिल्या, पण अट घातली. बाटली काकूंच्या घरात ठेवायची नाही. रोजची गोळी कुणीतरी हातावर ठेवायची आणि समोर गिळायला लावायची. सगळ्या एकदम घेतल्या तर माणूस हाती लागणार नाही, हे त्यांनी काकांना आणि माझ्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं. काका फिरतीवर असत. बाटली आमच्या कपाटात आली आणि किल्ली माझ्याकडं.

गुण यायला काही आठवडे लागतील, त्रास मात्र आधी सुरू होईल, असंही डॉक्टर म्हणाले होते. तसंच झालं. काकूंची जीभ कोरडी पडून टाळूला चिकटू लागली. हात थरथरे, सुईत दोरा जाईना. घाम फुटे, पोट साफ होईना. बसल्या जागेवरून उठलं की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढं अंधारी येई. "बघ पोरी," त्या म्हणाल्या, "पाव्हणा अजून गाडीतच हाय, आन त्याचं सामान घरात येऊन पडलंय."

मी त्यांना एकच वाक्य सांगत असे: हे औषधाचं आहे, तुमचं नाही. ते त्यांना आवडलं. रोज गोळी घेताना विचारत, "हात हालतोय, हे कुणाचं?"

"औषधाचं."

"तोंड वाळलंय, हे?"

"तेही औषधाचंच."

"आन काल भाकरी जळाली ती?"

"ती तुमची, काकू."

तेव्हा त्यांच्या ओठांचा एक कोपरा हले. त्याहून जास्त नाही.

नवरात्रात काकूंच्या सासूबाई तुळजापूरहून आल्या. काकू त्यांना आत्याबाई म्हणत. घट बसला. उपाशी राहू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी काकूंनी उपवास धरला. पहिल्या आरतीला त्या बराच वेळ मांडी घालून बसल्या होत्या. संबळ वाजू लागला तशा सगळ्यांबरोबर त्याही झटक्यात उठल्या. उठल्या आणि डोलू लागल्या. कपाळावर घाम, हात थरथरताहेत, कोरडी जीभ ओठांवरून फिरतेय. मग त्या घटासमोर कोसळल्या.

"आली गं, आई आली," आत्याबाई म्हणाल्या.

कुणी कुंकवानं काकूंचं कपाळ भरलं, कुणी ओटी भरली. बायका एकेक करून त्यांच्या पाया पडल्या. मी संध्याकाळची गोळी मुठीत धरून दारात उभी होते. आत्याबाईंनी मला तिथंच थांबवलं. "आता कामून आणलीस ती? देवीला औषध देतेत व्हय?"

दुसऱ्या दिवशीही मला आत जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशीही. गल्लीतल्या बायका येऊन काकूंना विचारू लागल्या, सुनेला दिवस कधी जातील, हरवलेली म्हैस कुठल्या दिशेला आहे. काकू काहीच बोलत नसत. त्या गप्प राहण्यातूनही लोक उत्तर काढत.

चौथ्या दिवशी दुपारी आत्याबाई पाण्याला गेल्या तेव्हा मी आत शिरले. काकू जमिनीवर निजल्या होत्या. तोंड भिंतीकडं.

"मला ठाऊक हाय," त्या वळून न बघता म्हणाल्या. "देवी न्हाय ती."

"मग सांगत का नाही?"

"काय सांगू? दोन वर्षं मी येडी व्हते. माझ्या हातचं पाणी कुणी घेईना. आता पाया पडतेत. आत्याबाई मला तुमी म्हणतेत. लगीन झाल्यापासून पयल्यांदा."

"पण गोळी बंद आहे, काकू."

त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "काल तिनं जागा केलीय."

त्या संध्याकाळी आरतीला घर भरलं होतं; त्या गर्दीतून मीही गोळी मुठीत धरून आत आले होते. संबळ सुरू झाला. बायका उठल्या आणि काकूंकडं बघत राहिल्या. काकूंनी पाय जवळ घेतले. हात भिंतीला लावला. अर्ध्यात थांबल्या. संबळवाला वाजवायचा थांबला. "थांबा," त्या म्हणाल्या, "डोकं येऊ द्या." मग सरळ उभ्या राहिल्या. डोलल्या नाहीत.

"आत्याबाई, ती गोळीची भोवळ व्हती. म्या लई भरभर उठले व्हते. अंगात कुणी आलं न्हवतं." आणि सगळ्यांसमोर त्यांनी माझ्यापुढं हात पसरला. मी गोळी ठेवली. त्यांनी ती पाण्याशिवायच गिळली. कोरड्या घशाखाली ती उतरेपर्यंत त्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या.

बायका आरती पुरी न करताच निघाल्या. एकजण उंबऱ्यात म्हणाली, "येडीच हाय की." काकूंनी ते ऐकलं आणि पदरानं कपाळावरचं कुंकू पुसून साधं, एका बोटाचं लावलं.

घट उठले तरी आत्याबाई तुळजापूरला परतल्या नाहीत. सुनेशी बोलतही नव्हत्या. तुमी गेलं तसं तूही गेलं. त्या नुसत्या बघत असत, विशेषतः काकू भिंतीजवळ निजल्या की.

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी भिंतीपलीकडून मला काकूंचा आवाज आला. त्या गवळ्याला झापत होत्या. "दूध घालतोस का पाणी?" मी हातातलं काम टाकून ऐकत राहिले. डॉक्टर म्हणाले, आता बाटली त्यांच्याकडं द्यायला हरकत नाही. काकू म्हणाल्या, "नगं. चांगल्या दिवशीबी माझ्या हाताशी नगं."

पुढच्या उन्हाळ्यात वडिलांची बदली झाली. सामान बांधून झालं, तरी बाटली आमच्याच कपाटात होती. कुणाकडं देऊ, विचारलं तर काकू म्हणाल्या, "आत्याबाईंकडं."

"त्या घेतील?"

"त्यांनी मला त्या चार दिवसांत गोळीबिगर बघितलंय. भ्यालेल्या हायेत. भ्यालेलं माणूस इसरत न्हाय."

मी बाटली घेऊन गेले. आत्याबाईंनी ती पदरात धरली, उघड्या हातानं शिवल्या नाहीत. मग मला समोर बसवून म्हणाल्या, "हिला ह्यानं काय काय व्हतंय, समदं सांग. सावकाश सांग."

मी सांगितलं. जीभ वाळते. हात हलतो. घाम येतो. उठताना थांबावं लागतं, उपाशी ठेवायचं नाही. मी एकेक सांगे आणि त्या एकेक पुन्हा म्हणत, पाठ करावं तशा. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "आन न्हाय दिली तर?"

मी भिंतीकडं बघितलं.

आत्याबाईंनीही तिकडं क्षणभर पाहिलं, बाटली कनवटीला घट्ट बांधली आणि आत हाक मारली, "अनसूये, पाणी घिऊन ये."