टॉनिकच्या बाटलीवरचं बाळ

औषधाच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात, रिकामी खोकी आणि किस्से. खोकी भंगारवाला उचलतो. किस्से मात्र गल्ल्यावर बसणाऱ्याच्याच डोक्यात राहतात!

सत्तर सालच्या आसपास सुरतेजवळ, पलसाण्याच्या नाक्यावर माझं दुकान होतं. मी सातवी पास. इंग्रजी शिकलो ते खोक्यांवरची नावं वाचून. शेजारी डॉक्टर जयंतीभाईंचा दवाखाना. गिऱ्हाईक म्हणजे आमच्याच खानदेशातून ऊसतोडीला आलेली माणसं.

*

डॉक्टरांनी एकाला तपासून सांगितलं, "काही नाही झालं. दोन दिवस आराम कर. औषध नको."

गडी हटेना. "औषध नही? मंग मी आजारी कसाले पडनू?"

शेवटी मीच त्याला ताकदीच्या दोन गोळ्या दिल्या. जाताना पाया पडला. माझ्या, डॉक्टरांच्या नाही!

*

दुसरा एक कंबर धरून इंजेक्शनला आला. सोबत बायको. त्याचं झाल्यावर तिनंही दंड पुढे केला.

"बाई, तुला काय होतंय?"

"काही नही. पन इतलं लांबथून उनूत, माले बी एक टोचा!"

*

हसू नका, आता माझी पाळी. सकूबाई तीन वर्षांच्या मंजीला कडेवर घेऊन आली. पोरीचे पाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे. सकूबाईनं टॉनिकच्या बाटलीवरच्या गुबगुबीत बाळाच्या चित्रावर बोट ठेवलं.

"सेठ, हाई बाळ कितल्या बाटल्यामा असं व्हयनं?"

मी व्यापारी माणूस. म्हणालो, "तीन!"

*

तीन बाटल्या संपल्या. मंजी होती तशीच, उलट आता मान टाकून बसायची. सकूबाई चौथी मागायला आली, तेव्हा मात्र मला शरम वाटली. मी दोघींना जयंतीभाईंकडे नेलं. त्यांनी पोरीच्या दंडाला नुसती दोन बोटं लावली. "शेठ, एने दवा नहीं, खावानुं आपो! हिला औषध नको, खायला द्या. असंच चाललं तर पोर हातची जाईल."

मी सकूबाईला विचारलं, "टॉनिकला पैसे कुठून आणायचीस गं?"

"घरनी बकरी शे ना! तिनं दूध चहावालाले देस."

चहावाला समोरचाच. त्याचा चहा मी दिवसातून तीनदा पीत होतो!

*

सकूबाईनं दूध विकणं बंद केलं. आठ दिवसांनी मंजीला काट्यावर ठेवलं, तर वजन पावशेरानं कमीच!

"दूध पाजतेस ना?"

"पाजस ना. पन हाऊ दिवसभर ऊस तोडस, त्याले चहामा नको का? मंग दोन्ही पोरं. उरनं ते मंजीले."

नवरा, धना, शेजारीच मान खाली घालून उभा. वाईट माणूस नव्हता हो. घरात जेवणाचा क्रमच तसा होता.

रागवून उपयोग नव्हता. मी विचार केला, या माणसांच्या घरात भाकरी सगळ्यांची, पण आजाऱ्याच्या औषधाला कुणी हात लावत नाही. मग टॉनिकची रिकामी बाटली उकळत्या पाण्यानं धुतली. कंपाउंडर डोस मोजायला मिक्स्चरच्या बाटलीला लावतो तशी कातरलेली कागदी पट्टी चिकटवली. शेंगदाणे आणि गूळ कुटून पुड्या बांधल्या. जयंतीभाईंनी गंभीर चेहऱ्यानं धनाला बजावलं, "उकळलेलं दूध या बाटलीत, दिवसातून तीन डोस. सोबत एकेक पुडी. हे मंजीचं औषध. दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही!"

*

महिन्याभरानं धना एकटाच दुकानात आला.

"धना, मंजी?"

"चालस आते," म्हणाला आणि बाकावर बसला. "काल उसमातून उनू, सेठ. भाकर व्हयेल नव्हती. भूक लागेल व्हती. म्हंतं, एक पुडी खाई लेवो. पुडीनी दोरी सोडी बी."

"मग?"

"मंजी उठनी. पुडी नही मांगी तिनं. मना कपाळले हात लावा अन् म्हने, बा, तुले काय व्हयनं?"